दोन बोटं कमी

माझ्या टेबलाच्या खणात स्टीलच्या जाळीचा एक ब्रेक पाइप पडलेला असतो. एका टोकाशी उभा चिरलेला. चिरला मीच, लोखंड कापायच्या करवतीने, रविवारची सगळी दुपार घालवून. गाडीला असे पाइप लावायचं मनात घेऊन कुणी सल्ला विचारायला आला की आधी हा तुकडा त्याच्या हातात देतो आणि चहा येईपर्यंत काही बोलत नाही.

गाडी माझी सॅन स्टॉर्म. आजच्या पोरांना हे नाव सांगितलं की ती मोबाइल काढून शोधायला लागतात. देशी बनावटीची, दोन सीटची, उघड्या टपाची, फायबरच्या बॉडीची गाडी. पोटात रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन. नव्वदीच्या अखेरीस आली, थोड्याच बनल्या, आणि कारखाना त्या बनवायचा थांबला त्याला आता जमाना झाला. मी ती हौसेने सेकंड हँड घेतली. पण अशा गाडीचा सुटा भाग हवा असला की काउंटरवरचा माणूस आधी हसतो आणि मग ‘जुळवून बघा’ म्हणतो. या जुळवून बघण्यातच पुढचं सगळं घडलं.

ब्रेक दाबला की पेडल आधी पावात बोट रुतावं तसं रुते आणि मग धरे. माझं निदान तयार होतं: जुने रबरी पाइप फुगतात. सिद्धांत म्हणून यात काही चूक नाही. पायाने दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ऑइल दाबाने कॅलिपरकडे जातं. वाटेत चाकाजवळचा पाइप रबराचा, कारण चाक वळतं, वरखाली होतं, तिथे लोखंडी नळी टिकणार नाही. दाबाखाली रबर किंचित फुगतं आणि तेवढा पायाचा जोर फुकट जातो. स्टीलवाल्या पाइपात आत टेफ्लॉनची नळी असते. १९३८ साली रॉय प्लंकेट यांना प्रयोगशाळेत अवचित सापडलेला तोच पदार्थ, जो आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतो. त्यावर स्टेनलेस तारेची विणलेली जाळी, आणि चांगल्या पाइपात जाळीवर आणखी एक प्लॅस्टिकचं आवरण. हा पाइप जवळजवळ फुगतच नाही. पेडल कडक लागतं, पाय नेमका किती दाबायचा ते कळतं. ट्रॅकवर तापलेल्या ब्रेकांनिशी फेरीमागून फेरी मारणाऱ्याला याचा खरोखर उपयोग आहे. गाडी थांबायचं अंतर मात्र याने कमी होत नाही. ते टायर आणि रस्ता ठरवतात.

हे सगळं मला तेव्हाही तोंडपाठ होतं. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, हे मात्र माहीत नव्हतं. डब्याचं झाकण उघडलं तर ऑइल कोऱ्या चहासारखं काळपट. समुद्रकाठच्या डहाणूत मीठ उघडं ठेवलं तर दोन दिवसांत पाणी सुटतं. ब्रेक ऑइलही तसंच हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये, असा दंडक आहे, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तोच आकडा १५५ वर येतो. मग उतारावर ब्रेक तापले की आत वाफ धरते, आणि वाफ दाबली जाते. त्यातच माझ्या लायनीत कुठेतरी हवा अडकली होती. म्हणजे औषध साधं होतं: नवं ऑइल घालायचं आणि हवा काढायची. दीडदोन तासांचं काम. पण त्यात चमकणारं काही नव्हतं ना!

मी पाइप मागवले. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण निम्मी चूक माझी आहे. ‘कुठल्याही छोट्या गाडीला बसतात’ असं त्याने सांगितलं आणि मी ते गुण म्हणून ऐकलं. पाइप आले ते जुन्याशेजारी धरून पाहिले, तर दोन बोटं आखूड. फोन केला. तो म्हणाला, “साहेब, स्टील ताणत नाही, म्हणून लहानच देतात.” मला हे पटलं. आज लिहितानाही आश्चर्य वाटतं, पण पटलं.

ज्या गॅरेजमध्ये बसवले तिथल्या पोराने गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं, पाइप जोडला. मूळ रबरी पाइपाच्या मध्यावर एक रबरी बोंड होतं. ते सस्पेन्शनवरच्या पट्टीत अडकून पाइपाला जागेवर धरायचं. नव्याला बोंड नव्हतं. पोराने प्लॅस्टिकच्या झिप टायने तो तिथे आवळून बांधला, म्हणजे आधीच आखूड पाइपाची मोकळी लांबी आणखी घटली. स्टेअरिंग सरळ होतं आणि सरळ चाकाला सगळं छान दिसत होतं. नवं ऑइल भरलं, हवा काढली. पेडल दगडासारखं कडक. मी स्टीलचे गोडवे गात घरी आलो. पेडल कडक झालं होतं ते ऑइल आणि हवेमुळे. श्रेय पाइपाने खाल्लं.

हे जानेवारीत झालं. त्या वर्षी, २०२३ साली, चैत्र पौर्णिमा ६ एप्रिलला होती. डहाणूच्या महालक्ष्मीची यात्रा पौर्णिमेला लागते आणि पंधरवडाभर चालते. एरवी ज्या विवळवेढ्यावरून ट्रक मुंबई-अहमदाबाद करत सुसाट जातात, तिथे त्या दिवसांत पाळणे, भांड्यांची दुकाने, भज्यांच्या कढया आणि डोंगरपाड्यांवरून चालत आलेली माणसं असतात. तलासरीला एका लग्नाला जाऊन आम्ही दोघं परतत होतो. जाताजाता दर्शन घ्यावं, असं हिच्या मनात होतं.

आठवडाभर आधीपासून दोन गोष्टी मला दिसल्या होत्या. डब्यातलं ऑइल खुणेच्या बोटभर खाली गेलं होतं. मी वरून भरलं. पुढच्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूला ओलसर पट्टा होता. मी म्हटलं, धुताना पाणी राहिलं असेल. ब्रेक ऑइल संपत नसतं. पॅड झिजतील तशी पातळी महिनोन् महिने हळूहळू उतरते, पण आठवड्यात बोटभर गेली तर ते कुठून तरी गळतंय, दुसरा अर्थच नाही. हे मी इतरांना कितीदा तरी सांगितलं होतं.

दापचरी मागे पडली. मंदिराकडे वळायच्या आधी वेग सत्तरच्या आसपास, पुढे रस्त्याच्या कडेने बायकापोरांची रांग. ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल खाली गेलं. थेट तळाला टेकलं. आवाज नाही, धक्का नाही. जिन्याला आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं.

पुढचं मी हुशारीने केलं असं नाही, सवयीने झालं. पाय उचलून पुन्हा पुन्हा दाबत राहिलो. ब्रेकची दोन वेगळी सर्किटं असतात ती याचसाठी: एक फुटलं तरी दुसरं पेडलच्या अगदी तळाशी थोडंफार धरतं. चौथ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून दुसऱ्यात. इंजिन ओरडलं पण वेग तुटला. हँडब्रेक एकदम ओढला असता तर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरली असती, म्हणून बटण दाबून धरत थोडा थोडा ओढला. हॉर्नवरचा हात काढला नाही. गाडी कच्च्या पट्टीवर उतरली आणि उसाच्या रसाच्या गाड्यापासून चार-पाच हातांवर थांबली. रसवाल्याने चरक थांबवून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुरू केला. ही म्हणाली, “अहो, उतरू का मी?”

इथून थोड्या अंतरावर, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर, ४ सप्टेंबर २०२२ ला गाडीच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते, बेल्ट न लावता. त्यानंतर आमच्या घरातलं कुणी कुठल्याही गाडीत मागे बसलं तरी बेल्ट लावल्याशिवाय गाडी हलत नाही. ब्रेकचा विषय मात्र कुणी काढला नव्हता. तो माझ्याकडे होता ना.

शेवटी कुणीतरी कासा भागातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना घेऊन आलं. जन्म ट्रकखाली गेलेला माणूस. त्यांनी गाडीखाली डोकंही घातलं नाही. मला म्हणाले, “स्टेअरिंग पूर्ण काटा, साहेब. आता उलटं काटा.” मग चाकामागे हात घालून पाइपाच्या टोकाशी बोट टेकवलं. चाक पूर्ण वळलं की पाइप तारेसारखा ताठ होत होता आणि अगदी कॉलरपाशी, जिथे तो धातूच्या टोकात शिरतो, काटकोनात मुडपत होता. “सरळ चाकाला बघून पाइप बसवत नाय. वळवून बघायचा, उचलून बघायचा, मग बसवायचा.”

घरी तो चिरला तेव्हा बाहेरची जाळी अजून चमकत होती. कॉलरखाली मात्र पाच-सहा तारा तुटून ब्रशच्या केसांसारख्या उभ्या राहिल्या होत्या. एक अंगठ्यात घुसली. त्यांच्या आत पांढऱ्या टेफ्लॉनवर केसाएवढी रेघ, अर्ध्या गोलाईपर्यंत गेलेली. टेफ्लॉन सरबताच्या नळीसारखा असतो. एकदा मुडपला की ती खूण जात नाही आणि पुढे तिथेच तुटतो. रबर म्हातारं झालं की चिरा दाखवतं, फुगवटा दाखवतं. स्टील काही दाखवत नाही. मला ते आवडलं होतं ते त्याच्या दिसण्यावर.

तेव्हा ज्यांना हे पाइप लावायचेच आहेत, त्यांनी आधी शंभर-दोनशे किलोमीटर नव्या ऑइलवर, नीट हवा काढून, आहेत त्या पाइपांवर गाडी चालवावी. रबरी पाइप हाताने वाकवून चिरा बघाव्यात. दुसऱ्याला पेडल दाबायला सांगून कुठे फुगवटा येतो का तेही बघावं. एवढ्यावर निम्म्यांचं काम होतं. रबर खराब असेल तर मूळ मापाचा नवा रबरी पाइप हा पर्याय कमीपणाचा नाही. माझ्या गाडीला आज तोच आहे.

तरीही स्टीलच हवं असेल तर आपल्या मॉडेलसाठी बनवलेला, कारखान्यातच टोकं दाबून बसवलेला संच घ्या. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस १०६ या नियमात पाइपाला ४००० पीएसआयचा दाब दोन मिनिटं सोसावा लागतो. पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरी परीक्षा: आत दाब ठेवून पाइप यंत्रावर ३५ तास सतत हेलकावत ठेवतात. माझा पाइप दाबाने गेला नाही, वाकण्याने गेला. आपल्याकडे या पाइपांसाठी आयएस ७०७९ हे मानक आहे. पाइपावर बनवणाऱ्याची आणि मानकाची खूण नसेल तर तो कितीही चमकू दे, परत करा.

हायवेच्या कडेला जेसीबीचे होज बनवून देणारी दुकानं असतात. कुणी म्हणेल, “तिथे पाहिजे त्या मापाचा मिळतो, दाबही जास्त सोसतो.” नाही. ते होज हायड्रॉलिक ऑइलसाठी असतात. त्यातलं रबर ब्रेक ऑइलमध्ये फुगून मऊ पडतं.

आट्यांचं तर फारच फसवं असतं. दहा मिलिमीटरचा, एक मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा बोल्ट आणि तीन अष्टमांश इंची, इंचाला चोवीस आट्यांचा बोल्ट शेजारी ठेवले तर डोळ्याला सारखे. इंची बोल्ट मिलिमीटरच्या भोकात सैल का होईना जातो, आवळलाही जातो, आणि जोर आला की आटे सोडून देतो. बोल्ट हाताने चार-पाच फेरे सहज पण न डुगडुगता जायला हवा. पाइप कॅलिपरला जोडणाऱ्या बँजो बोल्टच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर दर वेळी नवे घ्यायचे. याला खर्च तो काय!

आवळताना दुसऱ्या पान्याने पाइपाचं टोक धरायचं, नाहीतर बोल्टाबरोबर पाइपालाही पीळ बसतो. मधली पट्टी मूळ जागी, मूळ पद्धतीनेच बसली पाहिजे. झिप टाय हे उत्तर नाही. उघडी जाळी ज्याला घासेल त्याला कानशीसारखी खाते, आणि आमच्या समुद्रकाठचं वाळू-मीठ तिच्यात शिरलं की आतल्या नळीलाही. म्हणून आवरण असलेलाच पाइप. मग चाक लोंबकळताना आणि गाडीच्या वजनाखाली, दोन्ही स्थितींत स्टेअरिंग इकडून तिकडे पूर्ण काटून पाइप कुठे ताणतो, कुठे टेकतो ते टॉर्चने बघायचं. हवा काढून झाली की पूर्ण जोराने मिनिटभर पेडल दाबून धरायचं. ते किंचितही खाली सरकलं तर गाडी गॅरेजबाहेर काढायची नाही. एबीएसवाल्या गाडीत हवा काढायला कधी कधी स्कॅनर लागतो, तो मेकॅनिककडे आहे का ते आधी विचारा. शंभर किलोमीटरनंतर चाक काढून पुन्हा सगळे जोड कोरडे आहेत का बघा, आणि बोट लावूनच बघा.

त्या दिवशी गाडी तिथेच सोडून आम्ही चालत देवळात गेलो. रांग मोठी होती. परत आलो तर मिस्त्री रसाचा दुसरा पेला संपवत होते. रबरी पाइप आपण बघतो म्हणाले, आणि माझा जुना कुठे टाकला ते विचारलं. तो भंगारात दिल्याचं सांगितलं, तर काही न बोलता त्यांनी खिशातून सुतळी काढली, चाक पूर्ण वळवून कॅलिपरपासून बॉडीच्या जोडापर्यंत मोकळी धरली, दोन बोटं जास्त सोडली आणि गाठ मारून माझ्या हातात दिली.