हंपीतला एक दिवस आणि नवरा-बायकोच्या धंद्याचे चार धडे



भागीदारीवर व्हिडिओ टाकला की खाली एक प्रश्न हमखास येतो. "सर, माझी भागीदार म्हणजे माझी बायकोच आहे. तिच्याशी कसला करार करायचा?" आजवर मी हे हसून टाळत आलो. खरं सांगू? मलाच उत्तर माहीत नव्हतं. ते मिळालं हंपीत, तुंगभद्रेच्या काठावर, एका तापलेल्या दगडावर बसल्यावर. म्हणून आज आधी एका दिवसाची पायपीट आणि मग धडे. वही-पेन जवळ ठेवा.

आमच्या प्रशिक्षणाच्या धंद्यात मी शिकवतो आणि सौ. बाकी सगळं बघते. बऱ्याच वर्षांनी आम्ही दोघंच चार दिवसांसाठी बाहेर पडलो. रेल्वेने होस्पेट, तिथून हंपी. पाठीवर दोन सॅक, विरूपाक्ष मंदिराजवळच्या गल्लीत साधी खोली. गाडी नाही, गाइड नाही. पायी फिरायचं.

पहिल्या दिवसाची यादी मी केली. चौदा ठिकाणं! तुम्ही सकाळी दुकान उघडताना जशी कामांची यादी करता ना, अगदी तशीच. वेळ किती, ताकद किती, याचा पत्ताच नाही.

पहाटे सव्वापाचला टॉर्च घेऊन मातंग टेकडी चढलो. वर वीरभद्राचं देऊळ आहे. उजाडलं तसं खाली अच्युतराय मंदिर, नदी, केळीच्या बागा आणि एकावर एक रचून ठेवल्यासारखे प्रचंड धोंडे दिसायला लागले. इथपर्यंत सगळं छान. उतरून अच्युतराय मंदिर बघितलं, समोरच्या जुन्या बाजारपेठेतून नदीकाठच्या वाटेला लागलो आणि विठ्ठल मंदिराकडे निघालो.

मी नेहमीसारखा पुढे. थोडं चालायचं, सावलीत बसायचं, सौ. आली की उठायचं आणि म्हणायचं, "चल, निघू या." असं तीन-चार वेळा झालं. पाचव्यांदा ती उठलीच नाही. म्हणाली, "अहो, तुम्ही पुढे जाऊन बसता, तुमची विश्रांती होते. मी पोचले की तुम्ही उठता. माझी विश्रांती कधी?"

मी काहीतरी विनोद करायला गेलो. तिने ऐकून घेतला नाही. "आपल्या ऑफिसातही हेच चालतं," ती म्हणाली. "तुमची बॅच संपते, टाळ्या होतात, तुम्ही मोकळे. माझं काम तेव्हा सुरू होतं. फी कोणाची राहिली, जीएसटी भरायची तारीख कधी, हॉलवाल्याचे किती द्यायचे. वर तुम्ही लोकांना सांगता, मी एकट्याने उभा केला धंदा."

मंडळी, हे वाक्य मी खरंच व्हिडिओत बोललोय. एकदा नाही, अनेकदा.

पुढचा रस्ता आम्ही न बोलता चाललो. विठ्ठल मंदिरातला दगडी रथ तुम्हाला बघायचा असेल तर गल्ल्यातली नवी पन्नासची नोट काढा, मागच्या बाजूला तोच आहे. आत गाभारा मात्र रिकामा. कृष्णदेवरायाने पंढरपूरची मूर्ती इथे आणली आणि एकनाथ महाराजांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत नेली, अशी आपल्याकडे परंपरेने सांगितली जाणारी कथा आहे. सौ. त्या गाभाऱ्यासमोर बराच वेळ उभी होती. या वेळी मी बाहेर जाऊन बसलो नाही, शेजारी थांबलो.

बारा वाजले. यादीत अजून नऊ ठिकाणं बाकी! त्यात विठ्ठल मंदिराच्याच तिकिटावर त्या दिवशी कमल महालही बघता येतो. माझा जीव त्या तिकिटात अडकला. पण महाल तिथून काही किलोमीटर लांब, दगड तापलेले आणि सौ.च्या टाचेला फोड आलेला. शेवटी तिकीट खिशात ठेवलं आणि यादीवर काट मारली. खोलीवर येऊन जेवलो, झोपलो. संध्याकाळी फक्त हेमकूट टेकडी. सूर्य मावळताना विरूपाक्षाच्या गोपुराकडे बघत दोन तास बोललो. चौदातली सहा ठिकाणं झाली, आणि सगळ्या सहलीतला तोच दिवस आम्हाला नीट आठवतो.

आता धडे लिहून घ्या.

धडा १ : वेग मागच्याचा धरा. दोघांच्या धंद्याचा वेग पुढच्यावर ठरत नाही. तुम्ही दिवसाला शंभर ऑर्डर आणाल, पण पॅकिंग करणारी बायको साठच करू शकत असेल, तर तुमचा धंदा साठचाच आहे. वरच्या चाळीसांतून तक्रारी आणि भांडणंच येणार. आधी तिच्या हाताखाली माणूस द्या, मग ऑर्डर वाढवा.

धडा २ : न दिसणारं वजनही मोजा. माझी सॅक मोठी, म्हणून मला वाटायचं ओझं माझ्याकडे. पण परतीची तिकिटं, औषधं, सुटे पैसे, पाण्याची बाटली कधी भरायची, हे सगळं तिच्या डोक्यात. धंद्यातही उधारी लक्षात ठेवणं, तारखा सांभाळणं, रागावलेल्या ग्राहकाचा फोन घेणं हे कामच आहे. ते कागदावर आलं की दिसतं.

धडा ३ : पैसे भरलेत म्हणून चालत राहू नका. तिकिटाचे पैसे गेले ते गेले. पुढच्या पायपिटीतून काय मिळणार, एवढंच बघायचं. न चालणारी दुसरी शाखा "डिपॉझिट दिलंय" म्हणून ओढताय का? विचार करा.

धडा ४ : विश्रांती दोघांची एकाच वेळी. एक थांबला आणि दुसरा चालत राहिला, तर त्याला सुट्टी म्हणत नाहीत. आठवड्याचा सुट्टीचा वार असेल तर त्या दिवशी दोघांचेही धंद्याचे फोन बंद.

आणि करार? त्या रात्री वहीच्या एका पानावर आम्ही चार ओळी लिहिल्या. कोणाचं काम कोणतं. किती रुपयांपर्यंतचा निर्णय न विचारता घ्यायचा. दर महिन्याला तिच्या स्वतःच्या खात्यात किती रक्कम जाणार. आणि दर सोमवारी अर्धा तास हिशेबाला बसायचं. तुम्ही एवढ्यावर थांबू नका. पगार दाखवायचा, की १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे रीतसर भागीदार करून घ्यायचं, हे सीएशी बोलून ठरवा. नवरा-बायकोच्या उत्पन्नाला कराचे काही वेगळे नियम लागतात, त्यामुळे अंदाजाने करू नका.

सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही. दोन सोमवार मी बुडवलेत, आणि तिने ते वहीत लिहून ठेवलेत. पण "एकट्याने उभा केला" हे वाक्य मात्र बंद झालंय.

या आठवड्याचा गृहपाठ : हंपीलाच जायला हवं असं नाही. गावाबाहेरच्या टेकडीवर, नदीकाठी, कुठेही जा. फोन घरी ठेवा. जोडीदाराबरोबर एक तास चाला, तिच्या किंवा त्याच्या वेगाने. आणि एकच प्रश्न विचारा : "धंद्यातलं असं कोणतं काम तू करतेस, जे मला दिसतच नाही?" मग गप्प बसून ऐका. मध्ये बोलायचं नाही.

घरी आल्यावर उत्तर वहीत लिहा, तारीख टाका. पुढच्या भागात त्या यादीवरून दोघांच्या कामाचा तक्ता कसा बनवायचा ते शिकू. भेटू या!