वरातीत चालते, घरात का नाही?

आई-बाबांनो, जळगाव-धुळ्याकडच्या लग्नात 'हाई झुमका वाली पोर' लागलं की तुमचं लेकरू वरातीत सगळ्यांत पुढे. आणि तुम्ही मला म्हणता, "मॅडम, ही कसली अहिराणी? नुसता कीबोर्ड न् डीजे. आपलं खरं गाणं म्हणजे कानबाईचं, आखाजीचं."

तक्रार कळते हो. पण खरं-खोटं वाद्यावरून ठरवायला बसलो तर पंचाईत होईल. भजनी मंडळातली पेटी युरोपातून आलेली. नभोवाणीने १९४० ते १९७१ तिच्यावर बंदी घातली होती. आपल्या भजनांना मात्र तिचं परकेपण कधी खुपलं नाही. वरातीतला बँड गोऱ्या पलटणींचा. बेंजो पार्टीतला बेंजो तर १९१२ च्या सुमारास जपानात, नागोयाला जन्मलेल्या वाद्याचा वंशज! आपल्या बहिणाबाईंच्या ओव्या १९५२ साली पुस्तकात आल्या, पुढे 'मानिनी' सिनेमात वाद्यमेळासह वाजल्या. त्यांना कोणी बनावट म्हटलं का?

'झुमका' काय, 'बबल्या इकस केसावर फुगे' काय, ही गाणी यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिली गेली. शब्द न कळणारेही त्यावर नाचले. सुरतेला उधना-लिंबायतमध्ये राहणाऱ्या आपल्या माणसांच्या हळदीतही तीच वाजतात.

मला खटकतं ते वेगळंच. वरातीत अहिराणी चालते, पण घरी पोरानं मोठ्या मायला "काय करी राह्यनी?" विचारलं की तुम्ही "नीट बोल" म्हणून डोळे वटारता. उद्या मुलाखतीत गावठी ठरेल, ही तुमची भीती खोटी नाही. पण २०११ च्या जनगणनेत अहिराणीसह खान्देशी ही मातृभाषा सांगणारे १८ लाखांवर होते. लाजून 'मराठी' सांगणारे आणखी किती, देव जाणे.

शब्दांकडे मात्र कान ठेवा. काही गाण्यांत पोरगी म्हणजे बाजारातला माल असल्यासारखी वर्णनं असतात. गाणं बंद करू नका; "तुझ्या बहिणीला कोणी असं म्हटलं तर?" एवढं विचारा आणि उत्तराची वाट बघा.

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसेल. रात्री बाया गायला लागल्या की पोराला मोबाईलवर रेकॉर्ड करू द्या, वाटलं तर त्यावर बीटही चढवू द्या. मोठी माय हसेल, कदाचित चिडेलही. चिडली तर मधे पडू नका. ते भांडण अहिराणीतच होऊ द्या.