काळा कातळ की कोळसा? लघुग्रहांची प्रकाशावरून ओळख

मुळशी धरणाच्या परिसरातील काळ्या कातळाचा एक तुकडा घ्या आणि त्याच्याशेजारी कोळशाचा खडा ठेवा. दोन्ही काळेच. हातात घेतले की फरक कळतो. पण हेच खडे कोट्यवधी किलोमीटर दूर असते तर? लघुग्रह ओळखताना नेमकी हीच अडचण येते.

लघुग्रहाला स्वतःचा प्रकाश नसतो. तो सूर्यप्रकाश परावर्तित करतो. म्हणून दुर्बिणीला जोडलेल्या वर्णपटमापकाने त्याचा वर्णपट घेतात आणि त्याला सूर्यासारख्या ताऱ्याच्या वर्णपटाने भागतात. सूर्याचा वाटा निघून जातो. उरतो तो पृष्ठभागाचा गुण. आपल्या पुणे जिल्ह्यात गिरवली येथील २ मीटर व्यासाच्या दुर्बिणीलाही वर्णपटमापक आहे.

आपला कातळ म्हणजे बेसॉल्ट. त्यातील पायरॉक्सीन हे खनिज १,००० नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश शोषते. त्यामुळे परावर्तनाच्या आलेखात तेथे खाच पडते. १९७० साली वेस्टा या लघुग्रहाच्या आलेखात पायरॉक्सीनची अशीच खाच आढळली. वेस्टा आपल्या कातळाहून पुष्कळ उजळ आहे; तरी खाचेने त्याची जात सांगितली!

कार्बनयुक्त ‘सी’ गटाचे लघुग्रह बहुधा पडलेल्या प्रकाशाचा दहावा हिस्साही परत पाठवीत नाहीत, आणि त्यांचा आलेख जवळजवळ सपाट असतो. १९८४ साली थोलेन यांनी या गटाचे बी, सी, एफ व जी असे पोटभेद केले. काहींच्या आलेखात ७०० नॅनोमीटरजवळ उथळ खाच दिसते. ती लोहयुक्त मृत्तिका-खनिजांची खूण होय. ही खनिजे पाण्याच्या सान्निध्यात तयार होतात.

मग ही खाच नसेल, तर तेथे पाणी कधीच नव्हते असे म्हणावे काय? बेन्नू या ‘बी’ प्रकारच्या लघुग्रहाची गोष्ट पाहा. पृथ्वीवरून त्याच्या आलेखात ही खाच दिसली नव्हती. २०१८ साली ऑसिरिस-रेक्स यान जवळ पोहोचले, तेव्हा २,७०० नॅनोमीटरजवळ जलयुक्त खनिजांची स्पष्ट खूण सापडली. हा प्रकाश आपल्या हवेतील बाष्प अडवते. म्हणून जमिनीवरून ती दिसत नाही. २०२३ साली यानाने पाठविलेल्या १२१.६ ग्रॅम नमुन्यात मृत्तिका-खनिजे आणि सुमारे ४.७ टक्के कार्बन आढळला.

तात्पर्य, खूण दिसणे हा पुरावा आहे. न दिसणे हा नव्हे.

आता सांगा: दोन अंधुक लघुग्रहांपैकी एकाच्या आलेखात १,००० नॅनोमीटरजवळ खोल खाच आहे, दुसऱ्याचा आलेख सपाट आहे. सह्याद्रीच्या कातळाचा नातलग कोणता?