गुन्हा, शिक्षा आणि आपण : महाराष्ट्राच्या दोन कायद्यांची ओळख



'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' अशी एक म्हण आपल्याकडे वडीलधारी माणसे सांगत आली. ज्याच्या पाठीशी जमीन, पैसा आणि गावची पाटीलकी होती, त्याला ही म्हण परवडत होती. आपल्या माणसाला कोर्टाखेरीज दुसरा आधार नव्हता. तरीही कायद्याची पुरेशी माहिती नसल्यामुळे आजही आपली अनेक माणसे पोलीस ठाण्याच्या दारातून परत फिरतात. म्हणून कायद्याचा हा छोटासा पाठ आम्ही येथे मांडत आहोत.

शिक्षेचे जुने आणि नवे गणित

मनुस्मृतीत अपराध एकच असला तरी करणाऱ्याचा वर्ण पाहून दंड ठरत होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली त्या ग्रंथाचे दहन झाले, त्यामागे हेही एक कारण होते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १४ ने कायद्यापुढे सर्वांना समान केले. अनुच्छेद २० ने त्यात भर घातली : कृत्य घडले त्या वेळी जो कायद्याने गुन्हा नव्हता, त्यासाठी कोणालाही शिक्षा देता येत नाही, आणि त्या वेळी जेवढी शिक्षा होती, तिच्याहून अधिक देता येत नाही.

फौजदारी कायदा हा विषय संविधानाच्या समवर्ती सूचीत आहे. म्हणून केंद्राप्रमाणे राज्यालाही एखादे कृत्य गुन्हा ठरवता येते. महाराष्ट्राने केलेले असे दोन कायदे आपल्या जीवनाशी थेट संबंधित आहेत.

आधी चार शब्द समजून घेऊ

दखलपात्र गुन्हा म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि कोर्टाच्या हुकुमाची वाट न पाहता तपास सुरू करू शकतात. अदखलपात्र गुन्ह्यात दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो. अजामीनपात्र गुन्ह्यात जामीन मिळतच नाही असे नव्हे, तर तो देणे न देणे कोर्टाच्या विचारावर असते. तसेच 'तीन वर्षांपर्यंत' म्हणजे तीन वर्षेच नव्हेत, ती कमाल मर्यादा झाली. 'सहा महिन्यांपेक्षा कमी नाही' असे लिहिले असेल तर ती किमान मर्यादा.

पहिला कायदा : जादूटोणाविरोधी, २०१३

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी या कायद्यासाठी अनेक वर्षे लढा दिला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर लगेच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, करणी केल्याचा आळ घेऊन एखाद्याचे जगणे मुश्कील करणे, साप किंवा विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालणे अशी कृत्ये त्याच्या अनुसूचीत आहेत. शिक्षा किमान सहा महिने, कमाल सात वर्षे. दंड ५,००० ते ५०,००० रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने तरी हा कायदा पाठ केला पाहिजे.

दुसरा कायदा : सामाजिक बहिष्कारविरोधी, २०१६

बहिष्काराचे दुःख आपल्याला कोणी शिकवायला नको. किराणा बंद, मजुरी बंद, वाट बंद हे आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगले. म्हणूनच १९३० च्या गोलमेज परिषदेपुढे ठेवलेल्या निवेदनात आणि पुन्हा १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या मसुद्यात बाबासाहेबांनी बहिष्कार हा शिक्षापात्र गुन्हा ठरवावा अशी मागणी केली होती.

राज्याच्या या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळून तो २०१७ मध्ये अंमलात आला. समाजातून वाळीत टाकणे, लग्नकार्यात वा अंत्यविधीत सहभाग नाकारणे, समाजमंदिर वापरू न देणे, जातपंचायतीने असा हुकूम सोडणे हे सर्व गुन्हे आहेत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चिथावणी देणाराही तेवढाच दोषी. गुन्हा दखलपात्र, पण जामीनपात्र आहे.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. हा कायदा एकाच समुदायातील माणसांनी आपल्याच माणसावर टाकलेल्या बहिष्काराबद्दल आहे. गावातील इतरांनी आपल्यावर बहिष्कार टाकला, तर केंद्राचा १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. त्याच्या कलम ३(१) खाली सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, त्यामुळे हे संरक्षण आपल्यालाही आहे. मात्र जातीचा दाखला जवळ हवा. या कायद्याखालील कर्तव्यात मुद्दाम कसूर करणारा लोकसेवक अनुसूचित जाती-जमातीचा नसेल, तर कलम ४ नुसार तोही शिक्षेस पात्र ठरतो.

तक्रार कशी करावी?

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर तोंडी दिली तरी पोलिसांनी ती लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, सही घ्यायची आणि प्रत विनामूल्य द्यायची असते. हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. नोंद नाकारल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पोस्टाने पाठवावी. तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. बँकेच्या खिडकीत बसणारे आम्ही एवढे निश्चित सांगू शकतो की, पोच नसलेला कागद वेळेवर कामाला येत नाही. प्रत्येक अर्जाची पोच घ्या, तारीख घाला, जपून ठेवा.

शेवटी आपल्या घरातले

एखाद्या मुलीने पोटजात सोडून लग्न केले म्हणून आपल्याच वस्तीत तिच्या आईवडिलांना पंगतीतून उठवले जाते, वर्गणी परत केली जाते, मयतीला कोणी जात नाही. असे जेथे घडते तेथे आपणही त्याच २०१६ च्या कायद्याचे गुन्हेगार ठरतो. ज्या शिक्षेची मागणी बाबासाहेबांनी आपल्या रक्षणासाठी केली, ती आपल्याच पंचांवर ओढवावी यासारखे दुर्दैव नाही. कायदा शिक्षेच्या भयाने थांबवतो, शील आतून थांबवते. आपल्या विहारांत महिन्यातून एक दिवस वंदनेनंतर कायद्याचे एक कलम वाचले जावे, एवढीच आमची सूचना आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!