लोणारचे जिवाणू आणि मेसची आमटी

शर्टावर मेसची आमटी सांडली नाही असा होस्टेलवासी विरळाच! आमटी-भाताच्या डागात स्टार्च असतो. स्टार्च तोडणारे अमायलेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, आपल्या लाळेतही आहे. पण ते पीएच ७ च्या आसपासच नीट चालते. साबणाच्या पाण्याचा पीएच ९-१०. तिथे ते गारद!

आता बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर पाहा. उल्कापाताने झालेल्या या विवरातल्या पाण्याचा पीएच १० च्या घरात, तरी तिथे अल्कलीप्रेमी जिवाणू सुखाने राहतात. स्टार्चचा रेणू मोठा, पेशीत शिरत नाही. म्हणून जिवाणू अमायलेज बाहेर सोडतो. त्याला त्याच तिखट पाण्यात राबावे लागते. टिकाऊपणाचे गुपित हेच!

असे विकर डिटर्जंटला उपयोगी पडते. कापडधंद्यातही अमायलेज लागते. आपल्या मालेगावात यंत्रमागावर चढणाऱ्या उभ्या धाग्यांना खळ देतात. रंगाईआधी ती काढावी लागते. आम्लाने सूतही कमजोर होते, अमायलेज मात्र फक्त स्टार्च तोडते.

तेव्हा एन्झाइमवाल्या पावडरीवर उकळते पाणी ओतू नका. विकर हे प्रथिन, ते बिघडते. शर्ट कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. तेवढ्यात व्हायवाची तयारी होईल!