ऐतिहासिक घरे आणि आधुनिक तापनियमन : वारसा, सुखसोय व ऊर्जा यांचा मेळ

भारतातील वास्तुवारसा म्हटला की किल्ले, मंदिरे, मकबरे व राजवाडे डोळ्यांसमोर येतात. परंतु या वारशाचा फार मोठा भाग आजही लोकवस्तीत आहे. अहमदाबादच्या पोळांमधील लाकडी घरे, राजस्थानातील हवेल्या, पुण्या-नाशिकचे वाडे, चेट्टिनाडची प्रशस्त घरे आणि श्रीनगरमधील झेलमकाठची विटा-लाकडाची घरे ही त्याची उदाहरणे होत. अशा घरांपुढील प्रश्न वेगळा आहे. उन्हाळा असह्य झाला किंवा हिवाळ्यात ऊब मिळाली नाही, तर कुटुंब नव्या सदनिकेत राहावयास जाते. रिकामे घर गळू लागते आणि अखेरीस पाडले जाते. उलट, घाईने वातानुकूलन बसविल्यास भिंती व लाकूड आतून खराब होते. म्हणूनच ऐतिहासिक घरातील तापनियमन हा वारसासंवर्धन, ऊर्जा व नागरी विकास या तिन्ही विषयांना स्पर्श करणारा प्रश्न ठरतो.

पारंपरिक रचनेतील तापनियमन

जुन्या घरांमध्ये यंत्र नसले तरी तापनियमनाची व्यवस्था होती. अहमदाबादच्या पोळातील घर याचा उत्तम नमुना आहे. अरुंद गल्ल्यांमुळे समोरासमोरची घरे एकमेकांवर सावली धरतात. घराच्या मध्यभागी उघडा चौक असतो. तापलेली हलकी हवा चौकातून वर निघून जाते आणि तिची जागा सावलीतील थंड हवा घेते. रात्री चौकातील फरशी आकाशाकडे उष्णता उत्सर्जित करून निवते. अनेक घरांत चौकाखाली पावसाचे पाणी साठविण्याचे टाके असते. अहमदाबादच्या या ऐतिहासिक नगराचा २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

थंड प्रदेशात काश्मीरमधील हमामाचे उदाहरण देता येईल. येथे खोलीची जमीन दगडी फरशांची असून तिच्याखाली पोकळी असते. पोकळीत लाकडे जाळली की फरशी तापते आणि खोलीला तासन्‌तास ऊब मिळते. त्याच अग्नीवर बसविलेल्या तांब्याच्या भांड्यातून गरम पाणीही उपलब्ध होते. एकाच उष्णतास्रोतातून जमीन व पाणी दोन्ही तापविण्याची ही पद्धत आजच्या केंद्रीय उष्णताव्यवस्थेशी तत्त्वतः जवळची आहे.

खरा धोका : आर्द्रता

आधुनिक यंत्रणेमुळे जुन्या घराला होणारी सर्वांत मोठी हानी बहुधा आर्द्रतेमुळे होते. चुना, माती, वीट व लाकूड हे पदार्थ हवेतील बाष्प शोषतात आणि पुन्हा बाहेर सोडतात. त्यांच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा तैलरंग दिल्यास ओल आत कोंडली जाते.

पावसाळ्यात किनारपट्टीवरील शहरात बाहेरचे तापमान ३० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असल्यास दवबिंदू सुमारे २६ अंश असतो. म्हणजे २६ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर या हवेतील बाष्पाचे पाणी होते. खोली २२ अंशांपर्यंत थंड केली आणि फटींतून बाहेरची हवा आत येत राहिली, तर थंड भिंतीवर अथवा तुळईच्या टोकाशी पाणी साचते. त्यातून बुरशी, वाळवी व लाकडाची कुज यांना वाव मिळतो.

उष्णतेच्या बाबतीत नेमके उलटे घडते. शून्य अंश तापमानाची व ८० टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा बाष्प न मिसळता २० अंशांपर्यंत तापविली, तर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे २० टक्क्यांवर उतरते. इतक्या कोरड्या हवेत लाकूड आकसते. काश्मीरमधील खतमबंद छताचे लहान लहान लाकडी तुकडे सैल होण्याची किंवा कोरीव तावदानांना भेगा पडण्याची शक्यता असते. म्हणून जुन्या घरात जलद व तीव्र तापमानबदलापेक्षा मंद व सौम्य तापनियमन हितकारक ठरते.

यंत्रणा बसविण्याचा क्रम

पहिली पायरी नोंदीची असते. घराचे नकाशे, साहित्य, जुन्या दुरुस्त्या आणि तिन्ही ऋतूंतील तापमान व आर्द्रता यांची नोंद घेतली जाते. दुसरी पायरी मूळ व्यवस्था पूर्ववत करण्याची. गळके छत, तुंबलेली पन्हळ, बंद झालेले झरोके व सिमेंटचा गिलावा यांची दुरुस्ती झाली की यंत्राची गरजच कमी होते. चौकावर काचेचे कायमचे छप्पर घालणे हा प्रचलित उपाय मात्र घातक आहे. त्याने वायुवीजन थांबते आणि चौक उष्णतेचा सापळा बनतो.

तिसरी पायरी विभागणीची. संपूर्ण घर बंदिस्त करण्याऐवजी शयनगृहासारख्या मोजक्या खोल्या थंड करणे आणि चौक, ओसरी व जिने नैसर्गिक वायुवीजनावर ठेवणे श्रेयस्कर असते. त्यानंतरच यंत्राची निवड येते. मोठ्या वायुनलिकांसाठी खोटे छत घालावे लागते व त्यामागे कडीपाट झाकला जातो. त्याऐवजी एका बाह्य यंत्रापासून तांब्याच्या बारीक नळ्यांद्वारे अनेक खोल्यांना शीतकद्रव्य पुरविणारी प्रणाली किंवा थंड पाणी खेळविणारी प्रणाली सोयीची ठरते. राजस्थानसारख्या कोरड्या प्रदेशात बाष्पीभवनावर आधारित शीतकरणही परिणामकारक असते. दमट किनारपट्टीवर त्याचा उपयोग होत नाही. थंड प्रदेशात उष्णता पंप व जमिनीखालील कोमट पाण्याच्या नळ्या हा हमामाच्या तत्त्वाशी जुळणारा पर्याय आहे. मात्र मूळ फरशी उखडावी लागत असेल तर तो टाळणे इष्ट.

शेवटचे तत्त्व उलटक्षमतेचे आहे. नळ्या जुने धुराडे, मोरी किंवा कपाटामागील जागेतून न्याव्यात. कोरीव काम व भारवाही तुळया छेदू नयेत. यंत्राचे निथळणारे पाणी भिंतीत मुरू देऊ नये. यंत्राचे आयुष्य साधारणपणे काही वर्षांचे, तर घराचे शतकांचे असते. यंत्र काढल्यावर घर पूर्वीसारखे राहिले पाहिजे. लाकडी घरात जुन्या वीजतारांवर वाढीव भार टाकणे हे आगीला निमंत्रण ठरते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

कायदे व धोरण

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४९ नुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण हे राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे, तर अनुच्छेद ५१ क (च) नुसार संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे जतन हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारके कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरचे निषिद्ध व त्यापुढे २०० मीटरचे नियंत्रित क्षेत्र ठरविले. राहती घरे बहुधा या यादीत नसतात. त्यांचे संरक्षण स्थानिक वारसा नियमांवर अवलंबून असते. मुंबईचे १९९५ चे वारसा नियम या बाबतीत देशात अग्रगण्य मानले जातात. इनटॅक या १९८४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने २००४ च्या सनदेत असंरक्षित वारशावरच भर दिला.

ऊर्जेच्या अंगाने २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा, २००७ व २०१७ ची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आणि निवासी इमारतींसाठीची २०१८ ची इको-निवास संहिता महत्त्वाच्या आहेत. मार्च २०१९ च्या भारत शीतकरण कृती आराखड्याने २०३७-३८ पर्यंत शीतकरणाची मागणी २० ते २५ टक्क्यांनी आणि त्यासाठीची ऊर्जेची गरज २५ ते ४० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले. १ जानेवारी २०२० पासून तारांकित खोली-वातानुकूलकांसाठी २४ अंश हे मूळ तापमान निश्चित झाले. २०२१ मध्ये भारताने हायड्रोफ्लुरोकार्बन घटविण्याविषयीच्या किगाली दुरुस्तीला मान्यता दिली.

समारोप

वारसा नियम घराचा दर्शनी भाग जपतात, ऊर्जा संहिता प्रामुख्याने नव्या इमारतींकडे पाहतात. राहत्या जुन्या घराच्या अंतर्भागाचा प्रश्न या दोहोंच्या मधे राहून जातो. दुरुस्तीचा खर्च मालकानेच सोसावा आणि वारशाचा लाभ साऱ्या शहराने घ्यावा, ही विषम स्थिती आहे. हस्तांतरणीय विकास हक्क, करसवलत, तांत्रिक मार्गदर्शन व चुनाकाम जाणणाऱ्या कारागिरांचे प्रशिक्षण यांद्वारे ती दूर करता येईल. ज्या घरात माणसे सुखाने राहू शकतात, तेच घर टिकते.

सरावासाठी प्रश्न

१. दवबिंदू म्हणजे काय? जुन्या इमारतींच्या वातानुकूलनात त्याचे महत्त्व स्पष्ट करा.
२. 'असंरक्षित वास्तुवारशाचे संवर्धन हे नागरी धोरणापुढील आव्हान आहे.' चर्चा करा.
३. पारंपरिक वास्तुरचना भारत शीतकरण कृती आराखड्याच्या उद्दिष्टांना कशी पूरक ठरू शकते?