कुंकू कुठं गेलं? – रंगीत फोटो कृष्णधवल करताना

आपल्या मासिकाची रंगीत पानं मोजकीच असतात. बाकी सगळे फोटो ब्लॅक अँड व्हाइट छापले जातात. गॅदरिंगचे, ट्रेकचे, निरोपसमारंभाचे फोटो रंगीत असतात तेव्हा झकास दिसतात आणि छापून आले की राखेत बुडवल्यासारखे. मग आपण म्हणतो, 'प्रिंटिंग बेकार आहे.' दर वेळी दोष छपाईचा नसतो. बऱ्याचदा आपण एक बटण दाबून रंग काढून टाकतो आणि मोकळे होतो, तिथंच घोळ होतो. हे मी कसं शिकलो ते आधी सांगतो, कारण ते मला जरा महागात पडलं.

सेकंड इयरच्या सुट्टीत आजी-आजोबांच्या लग्नाला ५० वर्षं झाली. घरात मीच काय तो 'कॉम्प्युटरवाला', म्हणून फोटोची जबाबदारी माझ्यावर आली. अंगणात दोघांना बसवून छान रंगीत फोटो काढला. आजीचं हिरवं नऊवारी लुगडं, कपाळावर रुपयाएवढं लालभडक कुंकू, शेजारी फेटा बांधलेले आजोबा. मला वाटलं, पन्नास वर्षांचा संसार आहे तर फोटोही जुन्या काळासारखा कृष्णधवल करावा. कुठंतरी वाचलं होतं की फक्त लाल चॅनेल घेतला की चेहरा नितळ दिसतो. केलं तसं. सुरकुत्या खरंच कमी झाल्या. मी खूश. मोठी प्रिंट काढली, फ्रेम केली आणि कार्यक्रमात सगळ्यांसमोर दिली.

आजीनं फ्रेम हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि म्हणाली, "छान आहे रे बाळा." एवढंच. आत्या मागून डोकावली आणि पटकन बोलून गेली, "अरे, कुंकू कुठं गेलं?"

मी बघितलं. कपाळ कोरं होतं. जिथं कुंकू होतं तिथं फिकट डाग, तोही सांगितल्याशिवाय दिसणार नाही असा. आमच्या घरात कोऱ्या कपाळाचा अर्थ एकच होतो. सगळे गप्प. शेवटी आजोबाच म्हणाले, "अहो इंजिनिअरसाहेब, मी आहे की अजून!" सगळे हसले, मीही हसलो, पण घशात काहीतरी अडकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर फ्रेमच्या काचेवर, बरोबर कपाळाच्या जागी, आजीनं बोटानं खरं कुंकू लावलेलं.

असो. आता मुद्द्याकडे येऊ. कुंकू गेलं कुठं?

तीन आकड्यांचा एक आकडा

रंगीत डिजिटल फोटोतला प्रत्येक ठिपका म्हणजे तीन आकडे: लाल, हिरवा, निळा. प्रत्येक ० ते २५५. कृष्णधवल फोटोत ठिपक्याला एकच आकडा असतो. म्हणजे तीन आकड्यांचा एक करायचा आहे, आणि तो करायची एकच 'बरोबर' पद्धत नाही. नेहमीच्या चार पद्धती अशा:

१) सरासरी: तिन्ही मिळवून ३ नं भागायचं.
२) लाइटनेस: तिघांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा मिळवून २ नं भागायचं.
३) ल्युमा: लाल × ०.२९९ + हिरवा × ०.५८७ + निळा × ०.११४. मॅटलॅबमध्ये इमेज प्रोसेसिंगचं प्रॅक्टिकल केलेल्यांना हे आकडे ओळखीचे वाटतील. आपल्या डोळ्याला हिरवा जास्त उजळ वाटतो आणि निळा सर्वांत कमी, म्हणून ही वजनं.
४) एकच चॅनेल: बाकीचे दोन सरळ फेकून द्यायचे.

आता आजीच्या फोटोतले आकडे घालून बघू. सोयीसाठी जरा गोळाबेरीज केली आहे. कपाळाची कातडी (१६०, ११०, ८०), कुंकू (१९०, २०, ४०).

सरासरीनं कातडी ११७, कुंकू ८३.
लाइटनेसनं कातडी १२०, कुंकू १०५.
ल्युमानं कातडी १२२, कुंकू ७३.
फक्त लाल चॅनेलनं कातडी १६०, कुंकू १९०.
फक्त हिरव्या चॅनेलनं कातडी ११०, कुंकू २०.

लाल चॅनेलमध्ये कुंकू कातडीपेक्षाही उजळ झालंय! बरोबरच आहे, लाल वस्तू लाल प्रकाश भरपूर परत पाठवते. सुरकुत्या आणि डाग ज्या कारणानं फिके झाले, त्याच कारणानं कुंकूही गेलं. मी आकडे न बघता फक्त गाल बघत बसलो होतो.

याच हिशेबाचा दुसरा नमुना बघा. लाल (२५५, ०, ०) ची ल्युमा ७६ येते. गडद हिरव्या (०, १३०, ०) ची सुद्धा ७६ च. म्हणजे हिरव्या पानांतलं लाल जास्वंद ल्युमानं काळं-पांढरं केलं तर फूल कुठं आणि पान कुठं, पत्ता लागणार नाही. आणि सरासरी घेतली तर शुद्ध लाल, शुद्ध हिरवा आणि शुद्ध निळा तिघेही ८५, एकाच रंगाची राख. जर्नलमधल्या ग्राफमध्ये लाल-हिरव्या रेघा काढून झेरॉक्स मारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. एक रेघ सलग आणि एक तुटक काढा. ओरलला एक्स्टर्नलनं 'यातली इनपुटची रेघ कुठली?' विचारलं तर निदान सांगता येईल.

फिल्मच्या जमान्यात काय करायचे?

हा प्रश्न कॉम्प्युटरनं आणलेला नाही. सुरुवातीच्या फोटोग्राफीच्या काचा मुख्यतः निळाच प्रकाश ओळखत, म्हणून जुन्या फोटोंत आकाश कोरं पांढरं दिसतं. १८७३ मध्ये हर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं शोधलं की काचेवरच्या लेपात ठरावीक रंगद्रव्य मिसळलं की तो हिरव्या प्रकाशालाही दाद देतो. त्यातून ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म आली. तिला लाल मात्र दिसत नसे. तशा फिल्मवर लाल रंग काळा येतो, कुंकूसुद्धा काळंभोर. सगळे रंग ओळखणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म त्यानंतरची.

मग फोटोग्राफर लेन्सपुढे रंगीत काच लावू लागले. लाल फिल्टर लाल प्रकाश आत सोडतो, निळा अडवतो, म्हणून आकाश गडद होतं आणि ढग उठून दिसतात. अमेरिकन फोटोग्राफर अॅन्सेल अॅडम्स यानं १९२७ मध्ये योसेमिटीतल्या हाफ डोम कड्याचा फोटो आधी पिवळा फिल्टर लावून काढला, मग गडद लाल लावून. दुसऱ्यात आकाश जवळजवळ काळं आलं, आणि तोच फोटो गाजला. त्याला हे शटर दाबायच्या आधी ठरवावं लागलं. आपल्याला नंतर ठरवता येतं, फक्त एका अटीवर: मूळ फोटो रंगीत हवा. मोबाइलच्या 'मोनो' फिल्टरमधून फोटो काढून नुसती काळी-पांढरी फाइल ठेवली, तर रंगाची माहिती कायमची गेली. म्हणून काढताना रंगीतच काढा.

चॅनेल मिक्सर

जिंप हे सॉफ्टवेअर फुकट आहे, हॉस्टेलच्या जुन्या पीसीवरही चालतं. त्यात 'कलर्स' मेनूत 'कंपोनंट्स' आणि त्यात 'मोनो मिक्सर' आहे. फोटोशॉपमध्ये हेच काम 'चॅनेल मिक्सर'मध्ये 'मोनोक्रोम'वर टिक करून होतं, आणि २००७ च्या सीएस-थ्री पासून त्यात 'ब्लॅक अँड व्हाइट' अशी वेगळी सोयही आली. तीन स्लायडर असतात, प्रत्येक चॅनेलचं वजन ठरवायला.

नियम एकच: तिन्ही वजनांची बेरीज १ ठेवा (काही ठिकाणी १०० टक्के). मग पांढरं पांढरंच राहतं आणि राखाडी राखाडीच. बेरीज वाढली की उजळ भाग फाटतात, कमी झाली की फोटो मळकट होतो.

वजन ऋणही देता येतं. समजा आकाश (९०, १४०, २१०) आणि ढग (२४०, २४०, २४०) आहे. ल्युमानं आकाश १३३ येतं. आता वजनं लाल १, हिरवा ०.४, निळा −०.४ ठेवू. आकाश ९० + ५६ − ८४ = ६२. ढग मात्र २४० च, कारण बेरीज १ आहे. झाला की नाही लाल फिल्टर! पण अति करू नका. वजनं ताणली की फोटोतली रवाळ खरखरही वाढते. निळ्यात ती बहुधा जास्त असते. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा अशी मांडणी असते. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांचं हे १९७६ चं पेटंट. म्हणून हिरवा चॅनेल सहसा सर्वांत स्वच्छ निघतो.

आजीच्या फोटोला मी शेवटी लाल ०.२, हिरवा ०.७, निळा ०.१ दिलं. कातडी ११७, कुंकू ५६. हिरवं लुगडं (२०, ९०, ५०) लाल चॅनेलमध्ये २० वर जाऊन काळं ठार झालं होतं, ते ७२ वर आलं आणि त्याच्या निऱ्या दिसू लागल्या.

टोनिंग म्हणजे नुसता पिवळेपणा नव्हे

सेपिया म्हटलं की आपल्याला जुना, पिवळा पडलेला फोटो आठवतो. खरं तर डार्करूममध्ये प्रिंटला सेपिया मुद्दाम करत. कागदावरची चित्राची चांदी ब्लीच करून मग सल्फाइडमध्ये बुडवली की सिल्व्हर सल्फाइड होतं. त्याचा रंग तपकिरी, आणि ते चांदीपेक्षा टिकाऊ. माकुल जातीच्या समुद्री जीवाच्या तपकिरी शाईला सेपिया म्हणतात, त्यावरून हे नाव. निळ्या छटेचं उदाहरण तर आपल्याच घरातलं आहे. जॉन हर्शेलनं १८४२ मध्ये सायनोटाइप शोधला, आणि पुढं त्याच पद्धतीनं इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या नकला निघू लागल्या. त्याच आपल्या ब्लूप्रिंट!

कॉम्प्युटरवर टोन द्यायचा तर आधी चांगला कृष्णधवल तयार करा आणि फाइल आरजीबी मोडमध्येच ठेवा. ग्रेस्केल मोड केला तर रंगाला जागाच उरत नाही, इथं बरेच जण अडकतात. मग 'कर्व्हज' उघडा. लाल कर्व्ह मध्यावर जरा वर, निळा जरा खाली. म्हणजे १२८ चा राखाडी साधारण (१४०, १२८, १०८) होईल. दोन्ही टोकं हलवू नका, म्हणजे काळं काळं आणि पांढरं पांढरं राहील. छटा अगदी हलकी हवी. चहा सांडल्यासारखी दिसली की समजा जास्त झाली.

मासिकाला फोटो देण्याआधी

मूळ रंगीत फाइलची कॉपी करा, काम कॉपीवरच करा. तीन इंच रुंद छापायचा असेल तर रुंदी निदान ९०० पिक्सेल ठेवा. आणि सर्वांत महत्त्वाचं, बटण दाबण्याआधी स्वतःला विचारा: या फोटोत हरवता कामा नये असं काय आहे? टीमच्या जर्सीचा रंग, रेझिस्टरवरचे पट्टे, कुणाच्या कपाळावरचं कुंकू. ते शोधा, त्याचे तीन आकडे बघा, त्याच्या शेजारच्याचे बघा, आणि दोघांत फरक राहील अशी वजनं निवडा. बाकीचा फोटो बहुतेक वेळा आपोआप जमतो.

दिवाळीच्या सुट्टीत नवीन प्रिंट घेऊन गेलो. हिरव्या चॅनेलमुळं सुरकुत्या सगळ्या परत आल्या होत्या, मी जरा घाबरतच दाखवली. आजीनं फोटो खिडकीजवळ नेला, कुंकवावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हं, आता ही मी." सुरकुत्यांचं विचारलं तर म्हणाली, "त्या आहेत म्हणून तर पन्नास वर्षं झाली ना!"

जुन्या फ्रेममधली प्रिंट बदलली, काच मात्र तीच आहे. ती मी पुसली नाही.

– तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार